कळ पायात, मूळ कंबरेत

‘मणक्यातली गादी सरकलीय, नस दबलीय’ हे वाक्य आता एसटीच्या थांब्यावरही ऐकू येतं. कुणाला कंबरेपासून टाचेपर्यंत विजेसारखी कळ जाते. कुणाच्या पोटरीला मुंग्या येतात. कुणाच्या पायातली चप्पल चालताचालता निसटून मागे राहते आणि चार पावलं पुढे गेल्यावर ते त्याच्या ध्यानात येतं. मग घरात एमआरआयचं मोठं पाकीट येतं, आणि भेटायला येणारा प्रत्येक पाहुणा ती काळी फिल्म खिडकीच्या उजेडात धरून पाहतो.

हे दुखणं माणसाच्या कंबरेइतकंच जुनं आहे. पण पायातल्या त्या कळेचं मूळ कंबरेतल्या गादीत असतं, हे माणसाला नीट कळून अजून शंभर वर्षंही झालेली नाहीत. २ ऑगस्ट १९३४ रोजी अमेरिकेतल्या एका वैद्यकीय नियतकालिकात बोस्टनच्या दोन डॉक्टरांचा लेख छापून आला आणि ही गाठ सुटली. त्याआधी दोन हजार वर्षांहून अधिक काळ हे दुखणं होतं, त्याला नावं होती, औषधं होती, डागण्या होत्या. फक्त कारण ठाऊक नव्हतं.

मी डॉक्टर नाही. बी.ए. झालेला, कविता लिहिणारा माणूस आहे. माझं येणंजाणं शब्दांकडे, म्हणून या दुखण्याकडेही मी आधी त्याच्या नावांच्या वाटेने गेलो.

आपल्या आयुर्वेदात याला गृध्रसी म्हणतात. गृध्र म्हणजे गिधाड. या दुखण्याचा माणूस गिधाडासारखा वाकडा, एक पाय ओढत चालतो म्हणून हे नाव, असा त्याचा उलगडा सांगतात. चरकसंहितेने या दुखण्याची वाट क्रमाने सांगितली आहे : कुल्ल्यापासून सुरुवात, मग कंबर, पाठ, मांडी, गुडघा, पोटरी आणि शेवटी पाऊल. सुश्रुताने आणखी एक गोष्ट टिपली. या रोगात पाय उचलायलाच अडथळा होतो, असं तो सांगतो. ही खूण ध्यानात ठेवावी, कारण पुढे एकोणिसाव्या शतकात युरोपातले डॉक्टर याच खुणेपाशी येऊन थांबणार आहेत.

ग्रीक भाषेत खुब्याला ‘इस्किऑन’ म्हणतात. त्यावरून ‘इस्कियास’, त्याचं लॅटिन वळण घेत ‘सायटिका’. म्हणजे ग्रीकांनी दोष खुब्याला दिला.

आमच्या घरात आणखी एक शब्द होता. युनानी हकिमांच्या दवाखान्यांच्या पाट्यांवर तो आजही दिसतो : अर्क-उन-निसा. लहानपणी मला वाटायचं हे बायकांचं दुखणं असणार, कारण ‘निसा’ म्हणजे स्त्रिया. मूळ अरबी शब्द मात्र ‘इर्क अल्-नसा’ असा आहे. ‘इर्क’ म्हणजे शीर, आणि ‘नसा’ हे खुब्यापासून पायापर्यंत जाणाऱ्या त्या शिरेचंच नाव. लोकांच्या तोंडी ‘नसा’चं ‘निसा’ झालं आणि पुरुषांच्याही वाट्याला येणारं हे दुखणं उगाच बायकांच्या नावावर चढलं. एका मात्रेने केवढा गैरसमज होतो ते पाहा.

हा शब्द फार मागे जातो. कुराणाच्या तिसऱ्या सूरेत याकूब पैगंबरांनी एक अन्न स्वतःला वर्ज्य करून घेतल्याचा उल्लेख आहे. त्यावर भाष्यकार सांगतात, की त्यांना इर्क अल्-नसाचं दुखणं होतं आणि बरं वाटावं म्हणून त्यांनी उंटाचं मांस सोडण्याचा नवस केला. बायबलच्या उत्पत्तीच्या पुस्तकातही याकोब येतो. तो रात्रभर एका अनोळखी पुरुषाशी झुंजतो, तो पुरुष त्याच्या मांडीच्या सांध्याला स्पर्श करतो आणि सकाळी याकोब लंगडत चालू लागतो. त्याची आठवण म्हणून ज्यू लोक जनावराच्या मांडीतली ती शीर खात नाहीत. हिब्रूत तिचं नाव ‘गीद हनाशे’. हा ‘नाशे’ आणि अरबीतला ‘नसा’ एकाच कुळातले.

नावं अशी सुंदर होती, पण उपचार सोसवणारे नव्हते. दहाव्या-अकराव्या शतकांत स्पेनमधल्या कोर्दोबाजवळ अल्-जहरावी नावाचा थोर शल्यवैद्य होऊन गेला. त्याच्या ग्रंथात या दुखण्यासाठी खुब्यावर तापल्या लोखंडाचे डाग कसे द्यावेत हे सांगितलं आहे. आपल्या चरकानेही शीर तोडून रक्त काढणं, बस्ती आणि डाग हे उपाय सांगितले आहेत. जिथे दुखतं तिथे उपाय करायचा, हा साधा तर्क. तो चुकीचा होता असं आज म्हणणं सोपं आहे. पण पाय दुखत असताना पाठीकडे बोट कोण दाखवणार?

पहिलं मोठं पाऊल पडलं ते इटलीत, नेपल्सला. १७६४ साली दोमेनिको कोतुन्यो या तरुण वैद्याने लॅटिन भाषेत एक छोटं पुस्तक लिहिलं. खुब्याच्या दुखण्याचे त्याने दोन भाग केले. एक सांध्याचं दुखणं, जे खुब्यातच राहतं. दुसरं नसेचं दुखणं, जे नसेच्या वाटेने खाली उतरतं. मांडीच्या मागून पोटरीकडे जातं ते वेगळं आणि मांडीच्या पुढून जातं ते वेगळं, हेही त्याने दाखवलं. मृतदेहांचं विच्छेदन करताना मज्जारज्जूभोवती पाण्यासारखा द्रव असतो हे त्याच्या ध्यानात आलं होतं. हा द्रव तिखट होऊन नसेच्या आवरणात उतरतो आणि नसेला झोंबतो, असा त्याचा कयास होता. कयास बरोबर नव्हता. पण दुखणं सांध्यातून उचलून त्याने नसेत नेऊन ठेवलं, आणि नसेला काहीतरी झोंबतं ही कल्पनाही मांडली. दोनशे वर्षांहून अधिक काळानंतर या कल्पनेला वेगळ्या रूपात पुन्हा जीव आला, तो भाग पुढे येईलच.

त्यानंतर नसांच्या मुळांचा शोध लागला. मज्जारज्जूतून प्रत्येक पातळीवर दोन्ही बाजूंना नसा निघतात आणि प्रत्येक नसेला दोन मुळं असतात, एक पुढचं, एक मागचं. इंग्लंडमध्ये चार्ल्स बेलने १८११ साली आणि फ्रान्समध्ये फ्रांस्वा माझांदीने १८२२ साली यावर प्रयोग केले. पुढचं मूळ स्नायूंना हालचालीचा हुकूम नेतं आणि मागचं मूळ स्पर्श, वेदना यांचा निरोप आत आणतं, हे माझांदीच्या प्रयोगांनी स्पष्ट झालं. एकाच नसेच्या दुखण्यात पाय बधिरही का होतो आणि लुळाही का पडतो, याचं उत्तर इथे आहे.

आता माझ्या आवडत्या माणसाकडे येतो. त्याचं नाव लाझा लाझारेविच. सर्बियातला डॉक्टर, पण आज त्याच्या देशात तो ओळखला जातो कथाकार म्हणून. जेमतेम चाळीस वर्षांचं आयुष्य, मोजक्या कथा, आणि तरी सर्बियन कथेच्या इतिहासात मानाचं पान. या माणसाने १८८० साली बेलग्रेडच्या वैद्यकीय नियतकालिकात एक निरीक्षण नोंदवलं. रोग्याला उताणं झोपवा, गुडघा सरळ ठेवून पाय टाचेला धरून हळूहळू वर उचला. सायटिका असेल तर ठरावीक उंचीला कळ निघते. कारण पाय उचलल्यावर नस ताणली जाते, असं त्याने सांगितलं. पुढल्याच वर्षी पॅरिसमध्ये फोर्स्ट नावाच्या विद्यार्थ्याने आपल्या प्रबंधात हीच खूण आपले गुरू शार्ल लासेग यांच्या नावे मांडली. पण स्नायू नसेला दाबतो म्हणून दुखतं, असं त्यांचं म्हणणं होतं. जगाने नाव घेतलं लासेगचं, खरं ठरलं स्पष्टीकरण लाझारेविचचं. आजही अस्थिरोगतज्ज्ञ रोग्याला टेबलावर झोपवून पहिल्यांदा पाय उचलून पाहतात. साधारण तीस ते सत्तर अंशांच्या मध्ये पायात कळ उतरली, तर मूळ कंबरेत असण्याचा संशय बळावतो. सुश्रुताने नोंदलेली खूण ती हीच.

इथवर नस कळली होती. पण नसेला धक्का कोण देतं? ते समजायला आधी कंबरेची रचना पाहू.

कंबरेत पाच मणके असतात. दोन मणक्यांच्या मध्ये एक गादी. तिच्या कडेला चिवट तंतूंचे थरावर थर, दोरखंडासारखे तिरके विणलेले, आणि मध्ये पाणीदार, चिकट गर. तरुणपणी या गराचा मोठा भाग, जवळपास ऐंशी टक्के, पाणीच असतं. वय वाढतं तसं पाणी कमी होतं. मोठ्या माणसाच्या गादीत आतवर रक्तवाहिन्या जात नाहीत, त्यामुळे तिथे झीज लवकर आणि दुरुस्ती फार हळू. कडेचे थर कुठे चिरले की आतला गर त्या फटीतून बाहेर डोकावतो. म्हणजे गादी ‘सरकते’ हे खरं नाही. वरखालच्या मणक्यांना ती घट्ट चिकटलेली असते. इंग्रजीतल्या ‘स्लिप डिस्क’नेच आपल्याला हा चुकीचा शब्द दिला. फाटलेल्या उशीतून कापूस बाहेर यावा, तसं हे असतं.

गादीच्या मागे मधोमध एक बळकट पट्टा असतो, म्हणून गर बहुधा त्याच्या बाजूने, थोडा डावीकडे किंवा उजवीकडे, बाहेर येतो. आणि नेमकी तिथूनच नस जाते. मज्जारज्जू स्वतः कंबरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशीच संपतो. त्याखाली नसांचा जुडगा लोंबत असतो. शरीरशास्त्राच्या जुन्या पंडितांनी त्याला नाव दिलं, घोड्याची शेपटी. त्या शेपटीतली एकेक नस आपापल्या पातळीवर बाजूच्या छिद्रातून बाहेर पडते. त्यांतल्या खालच्या काही नसा एकत्र येऊन पायात जाणारी ती मोठी नस बनते, आपल्या शरीरातली सगळ्यात जाड नस.

आता कळ पायात का लागते? नस म्हणजे पायाकडून मेंदूकडे टपाल नेणारा रस्ता. वाटेत कुठेही पाकीट फाटलं, तरी मेंदू पाकिटावरचा पाठवणाऱ्याचा पत्ताच वाचतो. पत्ता असतो अंगठ्याचा, घोट्याचा, करंगळीचा. म्हणून फाटतं कंबरेत आणि तक्रार लागते अंगठ्याच्या नावावर. पुष्कळदा कंबर फारशी दुखतही नाही, पाय मात्र जळतो.

पण कोणता पत्ता कोणत्या मुळाचा, हे कळायला नकाशा हवा. तो करणाऱ्यांमध्ये दोघे इंग्रज होते आणि गंमत म्हणजे दोघेही कवी. चार्ल्स शेरिंग्टनने माकडांमध्ये एकेका नसेचं मूळ कापून कातडीचा कोणता पट्टा त्याच्या ताब्यात आहे हे शोधलं. हेन्री हेडने दुसरी वाट धरली, नागिणीची. आपण ज्याला नागीण म्हणतो ते पुरळ एकाच नसेच्या मुळाच्या पट्ट्यात उठतं. ए. डब्ल्यू. कॅम्पबेल यांच्यासह त्याने नागीण झालेल्यांचे पट्टे कागदावर उतरवले आणि मृत्यूनंतरच्या तपासणीत त्याच मुळाशी इजा झाल्याचं दाखवलं. १९०० साली हा नकाशा प्रसिद्ध झाला. १९०३ मध्ये तर हेडने संवेदना कशी परत येते हे पाहण्यासाठी स्वतःच्या हातातली नस मुद्दाम कापून घेतली आणि पुढे काही वर्षं मित्राकडून त्या हाताला टाचण्या टोचून घेत नोंदी केल्या. दोघांनीही पुढे कवितासंग्रह छापले. बधिर आणि सजीव यांच्या सीमेवर इतकी वर्षं काढणाऱ्या माणसांना कविता लिहाविशी वाटली, याचं मला नवल वाटत नाही.

या नकाशाची ताकद मी स्वतःच्या पायावर पाहिली आहे. काही वर्षांपूर्वी माझ्या डाव्या पायात कळ उतरली आणि अंगठ्याचा वरचा भाग परका वाटू लागला. डॉक्टरांनी मला डोळे मिटायला सांगितलं. कापसाचा बोळा, मग टाचणी, एकदा अंगठ्याशी, एकदा करंगळीशी. ‘दोन्हीकडे सारखं वाटतं का?’ नाही वाटत, मी म्हणालो. मग त्यांनी मला चवड्यांवर चालायला लावलं, ते जमलं. टाचांवर चालायला लावलं, तेव्हा डावं पाऊल वर राहीना. पायाचा अंगठा वर उचलून धरायला सांगून त्यांनी एका बोटाने तो सहज खाली दाबला. ‘चौथ्या आणि पाचव्या मणक्यामधली गादी दिसतेय, पाचवी नस धरलीय,’ ते म्हणाले. तोवर एकही फोटो काढलेला नव्हता. पुढे फोटोत तेच निघालं.

त्यांनी वाचलेली लिपी अशी आहे. चौथ्या-पाचव्या मणक्यांमधल्या गादीचा गर बहुधा पाचव्या नसेला लागतो. मग नडगीची बाहेरची बाजू, पावलाची वरची बाजू आणि अंगठा बधिर होतो, अंगठा वर उचलायची ताकद जाते. पाचव्या मणक्याखालची गादी असेल, तर त्याखालची नस सापडते. मग पोटरीची मागची बाजू, पावलाची बाहेरची कड आणि करंगळी बधिर होते, चवड्यांवर उभं राहता येत नाही आणि टाचेच्या वरच्या शिरेवर हातोडी मारली तर पाऊल उडी घेत नाही. कंबरेत फाटणाऱ्या गाद्यांपैकी सुमारे ९५ टक्के या दोनच. अर्थात शेजारच्या नसांचे पट्टे एकमेकांवर चढलेले असतात, माणसामाणसात ते थोडे हलतात, त्यामुळे नकाशा हा सातबाराचा उतारा नाही. पण दिशा बरोबर दाखवतो.

एवढं सगळं हाती असताना गादी मात्र दिसत नव्हती. म्हणजे दिसत होती, ओळखू येत नव्हती. या इतिहासातला मला सगळ्यात चटका लावणारा भाग हाच आहे.

१९०९ साली बर्लिनमधल्या ओपेनहाइम आणि क्राउझे या डॉक्टरांनी एका रोग्याची हकीकत छापली. क्राउझेने त्याच्या मणक्याच्या नळीतून एक तुकडा काढला आणि रोग्याला आराम पडला. तुकडा त्यांना कूर्चेची गाठ वाटला. १९११ मध्ये ग्लासगोच्या मिडलटन आणि टीचर यांनी एका कामगाराची हकीकत लिहिली. जड पत्रा उचलताना त्याच्या पाठीत काहीतरी तुटल्यासारखं झालं, पाय लुळे पडले आणि काही दिवसांत तो गेला. मृत्यूनंतर पाहिलं, तर गादीचा गर नळीत आलेला. त्याच वर्षी बोस्टनच्या गोल्डथ्वेट यांनीही कंबरदुखीत आणि पायाच्या कळेत गादीचा हात असावा असं लिहिलं. १९२९ मध्ये बाल्टिमोरच्या वॉल्टर डँडी यांनी दोन रोग्यांच्या मणक्यातून गादीचे सुटलेले तुकडे काढले आणि हे गाठीसारखे भासतात, पण गाठी नाहीत, असं स्पष्ट सांगितलं. तिकडे ड्रेस्डेनमध्ये श्मोर्ल हा विकृतीशास्त्रज्ञ मृतांचे हजारो कणे उभे चिरून गाद्यांच्या चिरा आणि बाहेर आलेला गर नोंदत होता. पण ते कणे मेलेल्यांचे. जिवंतपणी त्यांच्या पायात कळ होती का, हे विचारायला कुणी उरलं नव्हतं.

म्हणजे शल्यवैद्यांकडे रोगी होता, विकृतीशास्त्रज्ञाकडे गादी होती, आणि दोघांची गाठ पडत नव्हती.

ती पडली बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये. जोसेफ बार हे हाडांचे डॉक्टर, विल्यम जेसन मिक्स्टर हे मेंदू आणि मज्जारज्जूचे शल्यवैद्य. बर्फावर घसरण्याच्या खेळात पाठ दुखावलेला एक तरुण बार यांच्याकडे आला होता. आडवं पडून, इतर उपाय करून गुण येईना. मणक्याच्या नळीत गाठ असावी असं ठरलं आणि १९३२ च्या डिसेंबरात मिक्स्टर यांनी शस्त्रक्रिया करून ती काढली. तरुण बरा झाला. अहवाल नेहमीचाच आला : कूर्चेची गाठ. पण बार यांच्या वाचनात श्मोर्लचं काम आलेलं होतं. त्यांनी तो तुकडा निरोगी गादीच्या शेजारी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून पाहिला. ती गाठ नव्हती, गादीच होती. मग दोघांनी रुग्णालयात जपून ठेवलेल्या जुन्या ‘गाठी’ बाहेर काढल्या. त्यांतल्या बऱ्याच गाद्याच निघाल्या. वर्षानुवर्षं बरण्यांमध्ये ठेवलेल्या, चिठ्ठी लावलेल्या, फक्त चिठ्ठी चुकीची. १९३४ सालच्या त्यांच्या लेखात १९ रोग्यांची हकीकत होती. नवं यंत्र नव्हतं, नवं औषध नव्हतं. दोन वेगळ्या खात्यांतली माणसं एकत्र बसली आणि चिठ्ठी बदलली.

त्यानंतर मात्र गादीचं राज्य आलं. कंबर दुखली की गादी, पाय दुखला की गादी, आणि गादी म्हटलं की शस्त्रक्रिया. गर नसेला दाबतो, म्हणून काढून टाका, असा सरळ हिशोब. पण दुखणं इतकं सरळ नव्हतं. दाबच कारण असेल, तर मोठा तुकडा असूनही काहींना त्रास का नाही, आणि लहान तुकड्याने कुणी रात्ररात्र का तळमळतो?

१९९३ साली स्वीडनमध्ये ओल्मार्कर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डुकरांवर एक प्रयोग केला. गादीचा गर नसेच्या मुळाशी नुसता ठेवला, दाब दिलाच नाही. तरीही त्या नसेतून निरोप जायचा वेग मंदावला. गरातली रसायनं नसेला सूज आणतात, हे त्यातून पुढे आलं. दाब आणि दाह, दोन्ही मिळून कळ उठते. नसेला काहीतरी झोंबतं, असं म्हणणाऱ्या नेपल्सच्या कोतुन्योची इथे आठवण येते. द्रव त्याने चुकीचा धरला होता, झोंबणं खरं निघालं.

उपचारांच्या इतिहासात एक पपईही आहे. आमच्या स्वयंपाकघरात मटण मऊ शिजावं म्हणून कच्ची पपई वाटून लावतात. पपईच्या चिकातल्या अशाच एका पाचक द्रव्याची सुई गादीत टोचली, तर आतला गर विरघळेल, ही कल्पना लायमन स्मिथ या अमेरिकी डॉक्टरांनी १९६४ मध्ये रोग्यांवरच्या अनुभवासह मांडली. १९८२ मध्ये अमेरिकेत या औषधाला परवानगी मिळाली. काहींना त्याचा चांगला गुण आला, पण काहींच्या अंगावर ते जिवावर बेतेल असं उलटलं आणि २००३ पर्यंत तिथल्या बाजारातून ते गेलं.

शस्त्रक्रियेचा खरा हिशोब मांडायला सुरुवात केली नॉर्वेच्या हेन्रिक वेबर यांनी. १९८३ मध्ये त्यांनी १२६ रोग्यांचा दहा वर्षांचा ताळा छापला. चिठ्ठ्या टाकून काहींवर शस्त्रक्रिया केली होती, काहींवर नाही. वर्षाअखेर शस्त्रक्रियावाले पुढे होते. चार वर्षांनी फरक कमी झाला. दहा वर्षांनी उरलाच नाही. २००७ मध्ये नेदरलँड्समधल्या २८३ रोग्यांच्या पाहणीतही शस्त्रक्रियेने आराम लवकर पडला, पण वर्षाअखेर दोन्ही गट जवळपास सारख्याच ठिकाणी पोचले. अर्थात थांबायला सांगितलेल्यांपैकी ३९ टक्के लोकांना वाट पाहवली नाही, त्यांनी शस्त्रक्रिया करून घेतली. तेही समजण्यासारखं आहे. रात्र ज्याची त्यालाच काढायची असते.

थांबून बरं वाटतं याचं कारण शरीरातच आहे. बाहेर आलेला गर रक्तातल्या पेशी हळूहळू खाऊन टाकतात. काही महिन्यांनी पुन्हा फोटो काढला, तर पुष्कळांचा तुकडा आकसलेला किंवा नाहीसा झालेला दिसतो. बहुतेकांची कळ दीड-दोन ते तीन महिन्यांत उतरू लागते. आणि पडून राहिल्याने ती लवकर उतरते असंही नाही. १९९९ मध्ये नेदरलँड्समध्येच १८३ रोग्यांवर हे तपासलं गेलं. दोन आठवडे अंथरुणात राहिलेले आणि झेपेल तसे हिंडतेफिरते राहिलेले, दोघांनाही सारखाच गुण आला.

आणि आता त्या काळ्या फिल्मबद्दल. १९९४ साली अमेरिकेत कंबरेची काहीही तक्रार नसलेल्या ९८ माणसांचे एमआरआय काढले. त्यांतल्या ५२ टक्के लोकांची एक तरी गादी फुगलेली निघाली, २७ टक्के लोकांची तर बाहेर आलेली. सगळ्या गाद्या ठीक असलेले फक्त ३६ टक्के. ही सगळी चालतीबोलती, ठणठणीत माणसं. म्हणजे वय झालं की केस पिकावेत, तशा गाद्याही पिकतात. १९३४ पूर्वी गादी डोळ्यांसमोर असून दिसत नव्हती. आज उलटी अडचण आहे : ती इतकी स्पष्ट दिसते, की तिच्यापलीकडे काही दिसत नाही. फिल्मवरची गादी आणि पायातला बधिर पट्टा यांचा मेळ बसला, तरच त्या फिल्मला अर्थ आहे.

आपल्याकडे हे दुखणं बोललं की पहिला प्रश्न येतो, ‘जड काही उचललंत का?’ ओझ्याचा संबंध आहेच. पण फिनलंडमधल्या ११५ जुळ्या भावांच्या जोड्यांच्या १९९५ सालच्या अभ्यासात एक वेगळीच गोष्ट दिसली. गाद्यांच्या झिजेत कामाच्या ओझ्यापेक्षा आईबापांकडून आलेल्या वारशाचा वाटा मोठा होता. याचा अर्थ ओझं निरुपद्रवी आहे असा कुणी काढू नये. गादी कुणाची कशीही असो, पाय बधिर झालेल्या हमालाला पोतं उचलता येत नाही आणि पोतं उचललं नाही तर त्या दिवशीची मजुरी मिळत नाही. महाराष्ट्रात माथाडी, हमाल आणि श्रमजीवी कामगारांसाठी १९६९ साली कायदा झाला, तो याच पाठींसाठी. ‘झेपेल तसे हिंडतेफिरते राहा’ हा सल्ला चांगला आहे. पण तो पाळायला सुट्टी लागते, आणि सुट्टी सगळ्यांकडे नसते.

एक गोष्ट मात्र थांबण्याची नाही. दोन्ही पायांत अशक्तपणा, बसताना जो भाग टेकतो तिथे बधिरपणा, लघवी अडणं किंवा नकळत होणं, यांतलं काहीही झालं, तर ती घोड्याची शेपटी दाबली गेली आहे असं समजून त्याच दिवशी रुग्णालय गाठायचं. इथे महिने नव्हे, तास मोजायचे असतात. लाजेपायी ही तक्रार लपवणारी माणसं, विशेषतः घरातल्या वडीलधाऱ्या बायका, मी पाहिल्या आहेत. लाज बाजूला ठेवून हे घरात बोललंच पाहिजे. पाऊल एकाएकी उचलेनासं झालं, तरीही उशीर करू नये.

या दुखण्याला जखम नसते, सूज नसते, ताप नसतो. रोगी दिसायला धडधाकट. म्हणून घरातलेही म्हणतात, ‘ढोंग करतोय.’ सासू म्हणते, ‘कामाचा कंटाळा.’ मुकादम म्हणतो, ‘बहाणा.’ पण चरकाने त्या कळेची वाट टप्प्याटप्प्याने लिहून ठेवली, ती कुणा सोसणाऱ्याचं म्हणणं शेवटपर्यंत ऐकून घेतलं म्हणूनच. हेन्री हेडने स्वतःची नस कापून घेतली, कारण दुसऱ्याच्या सांगण्यातून जे कळत नाही ते त्याला जाणून घ्यायचं होतं. आपल्याला तेवढं करायची गरज नाही. समोरचा माणूस ‘माझा अंगठा मला माझा वाटत नाही’ असं म्हणाला, तर ते खरं धरून त्याला पुढचे दोन प्रश्न विचारावेत. कुठून सुरू होतं? कुठपर्यंत जातं? निदानाची सुरुवात आजही तिथूनच होते.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)